तलवारीला धार लावली ते वर्ष

मला राग येतो. आता वय झालं, तरी राग येतोच. दूधवाल्यानं भांडं आपटून ठेवलं की कानशिलं तापतात. पण हात उचलला जात नाही. तो का उचलला जात नाही हे सांगायचं, तर या हातामुळे एका माणसाचा उजवा हात कसा गेला तेही सांगावं लागेल. सांगतो. गोड करून सांगणार नाही.

आमचं घराणं कारकुनांचं. मराठी सरदारांच्या फौजेबरोबर माळव्यात आलो, पण घोड्यावर बसून नाही, बैलगाडीतून दप्तरं सांभाळत. घरात एक तलवार होती, कोणा खापरपणजोबांना मानाची म्हणून मिळालेली. तिनं कधी काकडीसुद्धा कापली नसेल. म्यानात गंजून अशी बसली होती की दोघांनी ओढली तरी निघायची नाही. वडील आणि दोन्ही काका रियासतीच्या कचेरीत होते. स्वातंत्र्य आलं, रियासत गेली, मध्य भारत नावाचं राज्य झालं, पण आमच्या लोकांच्या खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. भिंतीवरची तसबीर तेवढी बदलली.

मी म्हटलं, मला खुर्ची नको. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये सडकेच्या आतल्या बाजूला एक शेड घेतली आणि ट्रंका बनवायचं दुकान लावलं. पंचवीस वर्षांचं वय, डोक्यात राख भरलेली. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "पत्रे ठोक आता जन्मभर!" आणि पोळी वाढली.

पत्रे ठोकायला माणूस हवा होता, तो मी देवास गेटजवळच्या एका पेटीवाल्याकडून फोडून आणला. त्याला सगळे उस्ताद म्हणत. चाळिशीचा, किडकिडीत, कानामागे खडूचा तुकडा खोचलेला. त्यानं मुडपलेली कड बोटानं चाचपली तर कुठं खरखर लागायची नाही. पेटीच्या कडेला तार घालून पत्रा तिच्यावर गुंडाळतात, त्या कामात सगळ्या उज्जैनमध्ये त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. पहिल्या दिवशी तो शेडच्या दारातच उभा राहिला. आत येईना.

"भाऊ, काम जितना बोलोगे उतना करूंगा. गाली भी सुन लूंगा. हाथ मत उठाना."

असं म्हणून त्यानं पाठ वळवून कुडता वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, जुने पांढरे आणि नवे काळेनिळे. पेटीवाला मारायचा त्याला. पेटी वाकडी झाली की मारायचा, घरी भांडण झालं की मारायचा. मला इतका संताप आला की तसाच देवास गेटला जाऊन त्या माणसाचे दात पाडावेत असं वाटलं. मी ऐरणीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आईची शपथ उस्ताद, इथं कोणी कोणावर हात टाकणार नाही. मी तर नाहीच नाही."

उस्ताद आत आला. त्या शपथेच्या भरवशावर आला.

आणखी दोघं होते. एक पहिलवान, आखाड्यातला गडी, मोठी कातर चालवायला. जाड पत्रा तो कागदासारखा कापायचा. दुसरा रंगारी, झाकणावर नावं आणि नंबर काढणारा, हातात जादू आणि जिभेला विंचवाची नांगी. पहिलवान कापायचा, उस्ताद मुडपायचा, मी रिबिटं मारायचो, रंगारी रंगवायचा. दोन वर्षं चाललं. मी ओरडायचो, शिव्या द्यायचो, हातोडी फेकायचो, पण भिंतीवर. माणसावर नाही. उस्ताद माझ्या फेकलेल्या हातोड्या उचलून आणायचा आणि ऐरणीवर ठेवायचा.

मग बातमी आली की मध्य भारत जाणार, नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ. आमच्या गावातलं एक मोठं सरकारी दफ्तरही भोपाळला हलणार. शंभर वर्षांचे कागद न्यायचे तर पेट्या हव्यात, दोनशे हव्यात, आणि नव्या राज्याच्या दिवसाआधी ट्रक भरायला हवेत. ते काम मला मिळालं. एवढं मोठं काम उज्जैनमध्ये कोणा ट्रंकवाल्यानं पाहिलं नव्हतं. वेळेत झालं नाही तर शेडला कुलूप, आणि उस्ताद परत त्या पट्ट्याखाली. हे आम्हा चौघांना ठाऊक होतं, म्हणून चौघं मरमर मरत होतो. नवरात्रापर्यंत ऐंशी पेट्या तयार झाल्या.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा. घासूनपुसून, तेल लावून मांडायची, हळदकुंकू, झेंडू, आणि मग दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आई म्हणाली, पूजा यंदा दुकानातच करू. तिचं मन वळलं म्हणून मी हुरळलो. म्हटलं, मग तलवारपण आणू. कारकुनाच्या पोरानं कारखाना काढलाय, कळू दे फ्रीगंजला!

तलवार म्यानातून निघेना. उस्तादनं दोन दिवस घासलेट ओतून, ठोकून, फुंकून ती बाहेर काढली, गंज घासला. मी म्हटलं, "धार लावा."

"पूजा के लिए धार क्यों भाऊ?"

"लावा हो! बोथट तलवारीची कसली पूजा?"

त्यानं तलवार उचलली. मग सहाणेवर बसला. तो कुठलंही काम अर्धवट करायचा नाही, हाच त्याचा गुण. संध्याकाळी त्यानं माझ्या मनगटावरचे केस तलवारीनं भादरून दाखवले आणि हसला. मीपण हसलो.

नवमीला सकाळी आईनं पूजा केली. मोठी कातर, हातोड्या, लाकडी मोगऱ्या, रंगाऱ्याचे ब्रश, आणि मधोमध ती तलवार, झेंडूची माळ घातलेली. आई घरी गेली आणि अर्ध्या तासात दफ्तरातला बाबू सायकलवर हजर. म्हणाला, दोन गोष्टी आहेत. झाकणावर मध्य भारत लिहायचं नाही, मध्य प्रदेश लिहायचं, जे लिहिलंय ते खरवडा. आणि कागदांचे बस्ते आत बसत नाहीत, पेट्या दोन बोटं उंच करा. मी म्हटलं, ऐंशी झाल्यात! तो म्हणाला, त्यापण करा. आणि गेला.

माझं डोकं फिरलं. ऐंशी पेट्यांची रिबिटं उपटायची, पट्टी जोडायची, पुन्हा मुडपायचं, वर एकशेवीस नव्या. अठरा दिवस हातात. मी ओरडलो, "उचला रे हत्यारं! आत्ताच्या आत्ता!"

पहिलवान पूजेसमोर मांडी घालून बसला होता. तो हलला नाही. "माताजी की पूजा हो गई. आज हत्यार नहीं उठेगा."

"माझं दुकान, माझी हत्यारं!"

"आपकी माताराम ही बोल के गई हैं. दशहरे तक नहीं."

त्याचं बरोबर होतं हो. नियम माझ्या घरचा, आणि तो परका माणूस पाळून राहिला होता, आणि मी मोडायला निघालो होतो. तेवढ्यात रंगारी कोपऱ्यातून बोलला, "पेलवान को तो बैठने का बहाना चाहिए. खाता चार का, कापता एक का."

पहिलवानानं बसल्या बसल्या रंगाचा डबा उचलून त्याच्या तोंडावर फेकला. रंगारी किंचाळला, डोळ्यांत हिरवा रंग, हातात खरवडायची पट्टी, आणि ती त्यानं अंदाजानंच फिरवली. पहिलवानाचं कपाळ भुवईपर्यंत फाटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. मी रंगाऱ्याचे केस धरून त्याला भिंतीवर आपटला आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या. ठो, ठो. पेट्यांनी भरलेल्या शेडमध्ये आवाज घुमला.

"भाऊ," उस्ताद म्हणाला. "हाथ नीचे."

मी ऐकलं नाही. तोवर पहिलवानानं मला मागून धरून पेट्यांच्या ढिगावर फेकलं. माझी कोपरं सोलली, तोंडात रक्ताची चव आली. वर पाहिलं तर पहिलवान हसत होता. कपाळ फुटलेलं, दात रक्तानं लाल, आणि हसत होता. त्या हसण्यानं मी आंधळा झालो. समोर तलवार होती.

आमच्या पिढ्यानपिढ्यांत कोणी ती उगारली नव्हती. मी उगारली. माळ तुटली, झेंडू सगळीकडे उडाले. मी ती पहिलवानाच्या मानेच्या रोखानं मारणार होतो. घाबरवायला नाही. मारणार होतो. आणि मध्ये उस्ताद आला आणि त्यानं पातं उजव्या मुठीत धरलं.

त्यानं धरलं तिथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची आज पहिल्यांदा सांगतोय. त्यानं धरलं, आणि मी तलवार ओढली. माझ्या डोळ्यांत डोळे घालून तो म्हणत होता, "छोड़ो भाऊ," आणि मी ती जोर लावून ओढून घेतली.

त्याची मूठ उघडली तेव्हा आत पांढरं काहीतरी दिसलं, मग ते रक्तात बुडालं. तो ओरडला नाही. हाताकडे पाहत राहिला. पहिलवानानं स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडून त्याच्या हाताला गुंडाळला आणि त्याला उचलून टांग्यापर्यंत पळत नेला. मी मागं धावत होतो, तलवार अजून हातात. एक बाई मला बघून दुकानात शिरली तेव्हा कळलं, मग गटारात टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? उस्ताद म्हणाला, "पत्रा लगा साब." डॉक्टर जखम धूत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्र्याला हळद कधीपासून लावतात?" मी तोंडातून शब्द काढला नाही. थू माझ्या जिनगानीवर. उस्ताद पुन्हा म्हणाला, "पत्रा ही था साब." दोन बोटांच्या आणि अंगठ्याच्या नसा कापल्या होत्या. मूठ आता मिटणार नाही, डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवास गेटचा पेटीवाला उस्तादला बघायला आला. खाटेजवळ मी होतो. त्यानं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हमने तो चमड़े से मारा था, पंडितजी." आणि केळी ठेवून निघून गेला. मला वाटलं धरणी फाटावी. आजही तो आवाज आठवला की जेवण जात नाही.

दसरा तसाच गेला. शेड बंद. ऐंशी पेट्या उघड्या तोंडानं पडलेल्या. पंधरा दिवस उरले. मी हातपाय धुऊन आखाड्यात गेलो. पहिलवान कपाळाला पट्टी बांधून माती उकरत होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, माझं चुकलं. त्यानं माझी मान धरली, एका झटक्यात मला मातीत पालथा घातला, पाठीवर गुडघा दिला आणि तोंड मातीत दाबलं. श्वास कोंडला. छातीची फासळी कडकन वाजली. "अब बोल." मी मातीतच म्हटलं, "चुकलं." तो उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी कातरीपाशी उभा होता. रंगाऱ्याच्या घरी मी पायरीवर बसून राहिलो. त्याच्या आईनं माझ्यावर खरकटं पाणी टाकलं. दुपारी तो बाहेर आला, डोळे अजून लाल, म्हणाला, "चलो, नाम तो मेरे को ही बदलना है."

आणि उस्ताद. त्याला बोलवायला जायची माझी छाती झाली नाही. तो आपणहून आला, हात गळ्यात बांधलेला. आपल्या पोत्यावर बसला आणि मला म्हणाला, "ऐरन पे बैठो."

"मला नाही येत मुडपायला."

"मेरे को आता है. बैठो."

त्या पंधरा दिवसांत मी त्याचा हात झालो. तो पोत्यावरून बोलायचा, मी मारायचो. "हल्का. और हल्का. पत्रे से दुश्मनी है क्या?" मी चिडून जोरात मारायचो, कड फाटायची. तो उठून ती पेटी लाथेनं कोपऱ्यात ढकलायचा. "दूसरी." पहिल्या दिवशी सात पेट्या वाया घालवल्या. बोटं सोलून निघाली, नखं काळी पडली, फासळी प्रत्येक घावाला कळ द्यायची. तो दया दाखवायचा नाही आणि ओरडायचापण नाही. माझा हात रागात वर गेला की म्हणायचा, "रुको." मी तसाच हात वर धरून थांबायचो, तो मनात काहीतरी मोजायचा, मग म्हणायचा, "अब मारो." आठव्या दिवशी त्यानं डाव्या हाताच्या बोटानं कड चाचपली आणि पहिल्यांदाच एकही खोट न काढता पेटी रंगाऱ्याकडे सरकवली. मी तोंड वळवून रडलो. लाज कसली त्यात?

ट्रक यायच्या आदल्या दुपारी जमाव आला. दफ्तर जाणार म्हणून ज्यांची चूल विझणार होती ते सगळे, अर्ज लिहिणारे, मुहर्रिर म्हणजे वकिलांचे कारकून, चहावाले, टांगेवाले. पेट्या फोडल्या की दफ्तर राहील, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. पहिला दगड पत्र्यावर पडला तेव्हा शेड अशी वाजली की कान बधिर झाले. मग दगडांचा मारा. रंगारी पेट्यांमागं लपला. पहिलवान दारात उभा राहिला, त्याच्या खांद्यावर काठी बसली, त्यानं ती काठी धरून माणसासकट सडकेवर फिरवली. चारपाच जणांनी एक पेटी ओढून नेली आणि तिच्यावर नाचून तिचा चेंदामेंदा केला. माझ्या हातानं केलेली पेटी! माझ्या हातात हातोडी होती. मी उठलो.

उस्ताद पोत्यावरून म्हणाला, "रुको."

एक दगड आत येऊन माझ्या कानाला लागला. गरम रक्त मानेवरून उतरलं. हातोडी वर होती आणि दारापर्यंत चार पावलं. एक टाळकं तरी मी फोडलं असतं, खात्रीनं. मी उस्तादकडे पाहिलं. तो मोजत होता. ओठ हलत होते त्याचे. खूप वेळ मोजलं त्यानं त्या दिवशी. मग म्हणाला, "एक कम हो गई. बैठो, बनाओ."

मी बसलो. बाहेर हाणामारी, वर दगड, आणि मी ऐरणीवर तार घालून कड मुडपत होतो. पोलीस आले, जमाव पांगला, पहिलवान लंगडत आत आला, आणि ती शेवटची पेटी तयार होती. दुसऱ्या दिवशी दोनशेच्या दोनशे ट्रकवर चढल्या, नव्या राज्याचं नाव घेऊन. मला वाटलं होतं नाचेन. मी शेडच्या दारात बसून राहिलो.

काम संपलं होतं. आता उस्तादला माझ्याकडे थांबायचं काही कारण नव्हतं. शपथ मी मोडली होती, त्याचा हात मी घालवला होता. संध्याकाळी तो खडू कानामागे खोचून निघाला तेव्हा मी विचारलं नाही, उद्या येणार का? विचारायचं तोंडच नव्हतं.

सकाळी तो आला. पोत्यावर नाही, ऐरणीपाशी बसला. हातोडी डाव्या हातात घेतली आणि मला म्हणाला, "पत्रा पकड़ो."

डाव्या हातानं तो पहिल्यापासून शिकणार होता, चाळिशी उलटल्यावर. मी समोर बसून पत्रा धरला. पहिला घाव पत्र्यावर पडला, तिरका. दुसरा ऐरणीवर. तिसरा, पूर्ण ताकदीचा, माझ्या बोटांवर. हाड मोडल्याचं मी ऐकलं. डोळ्यांपुढं काळोख आला आणि माझा दुसरा हात आपोआप वर गेला, त्याच्या तोंडाच्या दिशेनं.

कातर थांबली. रंगाऱ्याचा ब्रश थांबला. उस्तादनं डोळे मिटून मान खाली घातली, पट्ट्याखाली घालत असेल तशी. पण तो "रुको" म्हणाला नाही. या वेळी त्यानं मोजलं नाही.

मग मीच मोजलं. किती ते आठवत नाही. हात खाली आणला आणि मोडलेल्या बोटांनी पत्रा पुन्हा धरला.

"मारा उस्ताद," मी म्हटलं.

त्यानं डोळे उघडले, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि हातोडी उचलली.